दोन आडनावं

माझा नवरा टेक्सासमध्ये वाढला, पण त्याचे आईवडील मेक्सिकोचे. त्यांच्याकडे मुलाला वडिलांचं आणि आईचं, अशी दोन्ही आडनावं लागतात. टेक्सासच्या शाळेतल्या बाईंनी मात्र आईचं आडनाव परस्पर उडवलं, कारण रकाना एकच होता. पुढे मेक्सिकोतले काका त्याला अमेरिकन म्हणायचे, अमेरिकेतले लोक मेक्सिकन, आणि इथे आयर्लंडमध्ये, लिक्सलिप गावात, शेजारी त्याला नुसतं 'यँक', म्हणजे अमेरिकन, म्हणतात. तो कुणालाच काही बोलत नाही. आमच्या घरी भांडणाचं खातं माझ्याकडे आहे.

गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आमची लेक नाचणार होती. फॉर्मवर आपली नेहमीची पद्धत: मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी मधलं खोडलं आणि शेवटी नवऱ्याचं आणि माझं, अशी दोन्ही आडनावं लिहिली.

नोंदणीला बसलेल्या काकू हसून म्हणाल्या, "अगं, पोरीला आईचं आडनाव कोण लावतं? एक काय ते ठरव ना."

"हिच्या बाबाच्या शाळेतही असंच एक ठरवलं होतं, काकू," मी म्हटलं. "त्याच्या आईचं आडनाव गेलं ते गेलंच. माझं जाणार नाही."

काकू फॉर्म लांब धरून बघत राहिल्या. "पण एवढं सगळं बॅजवर मावायचं कसं?"

लेक शेजारीच उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती कायम आयरिश वळणाच्या इंग्रजीत देते. त्या दिवशी मात्र ती मराठीत बोलली.

"मग मला दोन बॅज द्या."