किमची-फ्रिजच्या खोक्याचं यान

सांगगुनच्या अंगात काम शिरलं की शेजारी कोण उभं आहे ते त्याला दिसत नाही, हे त्याची बायको योजिन लग्नापासून सांगत आलीय. आठवडाभर तो उल्सानच्या गोदीत जहाजांचे पत्रे जोडतो आणि शनिवारी देजनला घरी येतो. पाच वर्षांचा रोउन त्याला पाहिलं की आईच्या मागे लपायचा. पोटचं पोर आपल्याला पाहुणा समजतं, हे सांगगुनला फार लागलं होतं. म्हणून किमचीचं लोणचं ठेवायचा नवा फ्रिज आला तेव्हा त्यानं खोकं ठेवून घेतलं. म्हणाला, "रविवारी यान करू. मी आणि रोउन."

'मी आणि रोउन' कसलं, डोंबल. पोरानं कात्री उचलली की "हात कापेल." रंग उघडला की "आधी सांधे होऊ देत." रोउनची मोठी बहीण हेसोल म्हणाली, "अप्पा, खिडकी वाकडी राहिली तर राहू दे की. आपल्याला कुठे खरंच उडायचंय?"

"काम करायचं तर नीट करायचं."

नीट कसलं होतंय. टोक सारखं कोसळत होतं, दार बसत नव्हतं. शेवटी वैतागून त्यानं सगळं यान टेपनं आवळलं. मागवलेल्या नूडल्सचा केव्हाच गोळा झाला होता.

"अहो, पोरगं सकाळपासून नुसतं उभं आहे," योजिन म्हणाली. "त्याच्या हाताला काहीतरी काम द्या."

"झालं की बसायचंच आहे ना दोघांना आत."

संध्याकाळी यान एकदाचं उभं राहिलं आणि सांगगुन आंघोळीला गेला. तेवढ्यात घरातल्या भोंग्यावर सोसायटीच्या वॉचमनची सूचना झाली. आज रद्दीचा दिवस, खोक्यांवरची टेप काढूनच खाली आणा.

सांगगुन बाहेर येऊन बघतो तर यान जमिनीवर सपाट. रोउन फतकल मारून शेवटची पट्टी सोलत होता. रद्दीत द्यायच्या खोक्याची टेप आधी सोलायची, बालवाडीत हेच तर रोज घोटून घेतात.

"अक्कल आहे का तुला?" सांगगुन ओरडला. "दिवसभर मरमर मेलो मी."

या खेपेला रोउन आईमागे गेला नाही. त्यानं टेपचा गोळा पुढे केला. "मला हे येतं, अप्पा. बघ, कुठे फाटलं पण नाही."

सांगगुनच्या बसची वेळ झाली होती. पुन्हा उभारणं शक्यच नव्हतं. धुसफुसतच त्यानं पुठ्ठ्याचं एक टोक उचललं, दुसरं रोउननं धरलं. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची आजी भेटली.

"एवढं मोठं खोकं कशाचं रे, बाळा?"

"हे अप्पाचं यान होतं," रोउननं सांगितलं. "मी टेप काढली."

अप्पाचं म्हणाला, आमचं नाही. सांगगुनचा राग तिथंच गळाला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं, कारण पोराचं एक अक्षरही खोटं नव्हतं.