इनन्डेशन आणि ताईचं स्थळ

आमची कुर्ल्याची खोली तळमजल्यावर, नाल्याला लागून. त्या जुलैत गटार उलटलं आणि पाणी पलंगापर्यंत चढलं. ताईला पाहायला माणसं यायची होती, म्हणून आईनं घाईघाईनं भिंतींना चुना मारून घेतला आणि आम्हाला दम भरला, "पाण्याचं नाव काढायचं नाही." ताईला तोवर नकारावर नकार आले होते. हे तरी जमावं म्हणून आई देव पाण्यात घालून बसली होती.

मुलगा मुलुंडचा, कॉलेजात इंग्रजी शिकवणारा. पोहे संपवून त्यानं रुमालानं ओठ टिपले आणि ताईला विचारलं, "इनन्डेशन म्हणजे काय, सांगाल?" ताई मराठी शाळेतली. खाली मान घालून पदराशी चाळा करत राहिली. त्याची आई हसली. मेली खुदकन हसली हो! मग यानं तासच घेतला. मूळ शब्द लॅटिन, 'उंडा', म्हणजे लाट. लाट आत शिरून सगळं व्यापून टाकते, ते इनन्डेशन. आपलं 'उदक'ही त्याच कुळातलं. "साधा पूर आला तर फ्लड म्हणतात, हा शब्द जरा भारदस्त आहे," तो म्हणाला. ताईचे डोळे भरून आले तरी याचं आपलं चालूच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाट कसली डोंबलाची?" मी म्हटलं. "आमच्याकडे गू तरंगत आला होता, या पलंगापर्यंत! हीच ताई आजारी बाबांना सावरत दिवसभर त्यात उभी होती. त्याला काय म्हणतात हो लॅटिनमध्ये?"

"गप रव गो!" आई ओरडली. ताई कपबशा उचलून मोरीकडे गेली. वाट लागली, हेही स्थळ गेलं, असं मला वाटलं.

स्थळ गेलं नाही. दोन दिवसांनी मध्यस्थी करणारे मामा हसत हसत आले. थोरली नको, धाकटी पसंत आहे, म्हणाले. मुलाला म्हणे बोलकी बायको हवी होती. आई बाबांकडे बघून हो म्हणाली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी भांडले, रडले, भांडी आपटली. असल्या माणसाचं मला तोंडही बघायचं नव्हतं.

ताई स्टोव्हपाशी भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "रडतेस कशाला गं? माझ्यासाठीच बोललीस ना? मग आता जा, नांद सुखानं."