किल्लीवाल्यांनी पुसलेला फोन

शिंप्याचे दुकान आणि दवाखाना यांच्यामध्ये साडेचार फुटांची एक फट आहे; त्या फटीत किल्लीवाल्यांचे दुकान आहे. हे माप मी अंदाजाने देत नाही. त्यांनी फळी बसवली तेव्हा टेपचे दुसरे टोक शेजारी म्हणून मीच धरले होते. मागच्या भिंतीवर कोऱ्या किल्ल्या आकारवार टांगलेल्या, त्याखाली घासणीचे यंत्र, यंत्राखाली पितळ आणि लोखंडाचा कीस. दर शनिवारी ते हा कीस चुंबकाने वेगळा करतात. त्यांना नाव आहे, पण ते कोणी वापरत नाही. त्यांची थोरली बहीणसुद्धा चिडली की म्हणते, ''ओ किल्लीवाले, जेवण गार होतंय.''

माणूस मोजके बोलणारा आणि तत्त्वाचा पक्का. शेजारचा एक तरी माणूस साक्षीला असल्याखेरीज कोणाच्या दाराचे कुलूप उघडणार नाही. दुसऱ्याच्या किल्लीचा ठसा काम झाल्यावर दुकानात ठेवणार नाही. साबणावर घेतलेला असेल तर साबण विरघळवतील, कागदावर असेल तर कागद जाळतील. जुने कुलूप विकायला आले, तर आतल्या पितळी पिना बदलल्याशिवाय ते पुढे देणार नाहीत. ''आधीच्या माणसाचं काही आत राहता कामा नये,'' असे ते म्हणत. या तत्त्वांनी त्यांना पत मिळवून दिली. त्यांचा घातही याच तत्त्वांनी केला, म्हणून त्यांचा उल्लेख आधी केला.

त्यांची पत्नी गेली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. बहिणीने, म्हणजे ज्यांना आम्ही सारे ताई म्हणतो त्यांनी, ती वाढवली. शाळेतून आली की पोर यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून गृहपाठ करी. दहाव्या वर्षी तिने स्वतः कापलेली पहिली किल्ली माझ्याच कपाटाची. अजून चालते.

पुढे तिने लग्न आपल्या मनाने ठरवले. यांना ते मानवले नाही. ज्या दिवशी ती घरातून गेली, त्याच दुपारी यांनी दाराच्या कुलपाचा आतला गाभा बदलला. तिसऱ्या दिवशी ती आपली प्रमाणपत्रे न्यायला आली, तेव्हा हे आत खुर्चीवर बसले होते.

''किल्ली आत गेल्याचा आवाज आला,'' त्यांनी मला चार वर्षांनी सांगितले. ''फिरली नाही. तिनं तीनदा फिरवून बघितली. मला कळत होतं, ती जोर लावत नव्हती. मीच शिकवलं होतं, अडली तर जोर लावायचा नाही, मोडते. मग काढून घेतली. मी उठलो नाही.''

बोलण्यासारखे होते ते त्यांनी स्वतःला पुष्कळदा बोलून घेतले होते.

त्यांचा स्मार्टफोन तिने पहिल्या पगारातून घेतलेला. ''तुम्हाला ते खातंबितं जमायचं नाही, बाबा,'' असे म्हणून तिने तो स्वतःच्याच खात्यावर सुरू करून दिला होता आणि खात्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी यांनी त्याच संध्याकाळी जाळली. किल्ली तिची, तिचा ठसा आपल्याकडे कशाला?

ती गेल्यानंतर चार वर्षांत त्या फोनवर तिचे तीन निरोप आले, तिन्ही आवाजातले. नंबर नवा होता. यांनी तो नावाने साठवला नाही. नाव घालणे म्हणजे हार मानणे. उत्तरही दिले नाही. या महिन्याच्या दहा तारखेला तिसरा निरोप आला. त्यातले शब्द त्यांना तोंडपाठ आहेत: ''बाबा, महिनाअखेरीला आम्ही इथून जातोय. खूप लांब. हा नंबर बंद होईल. त्याआधी तुम्ही काहीही बोललात तरी चालेल. रागावलात तरी चालेल. नाही बोललात, तर मग मी परत त्रास नाही देणार.''

दहा दिवस त्यांनी तो निरोप ऐकला. विसाव्या तारखेला, दुकान बंद केल्यावर, ते बोलले. काय बोलले ते मी विचारले नाही. पाठवण्यापूर्वी एकदा ऐकून पाहावे म्हणून त्यांनी ते लावले, तर नुसती घरघर. फोनच्या तळच्या बारीक भोकांत वर्षानुवर्षांचा कीस जाऊन बसला होता. माइक बंद पडला होता. लिहून पाठवणे त्यांच्या मनात नव्हते; तिने बोलायला सांगितले होते.

वास्तविक त्या वेळी ते माझ्या दाराशी येऊन म्हणाले असते, ''जरा तुमचा फोन द्या,'' तर प्रश्न तिथेच सुटता. पण त्यासाठी मला सारे सांगावे लागले असते. त्यापेक्षा नवा फोन घेणे त्यांना सोपे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौकातल्या मोबाइलवाल्याकडे गेले. तिशीतला, सतत विनोद करणारा, पण कामाला चोख असा गृहस्थ.

''जुना देऊन नवा घेता येतो ना?''

''येतो की काका. फक्त आधी बॅकअप घ्या, मग खात्यातून बाहेर पडा, मग सगळं पुसा, आणि आणा. नाहीतर ठेवा इथं, मी करतो.''

''माझा फोन मीच साफ करून आणीन,'' हे म्हणाले. ''आमच्याही धंद्यात तसंच असतं.''

सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी तिसरी तेवढी त्यांना ओळखीची वाटली. बॅकअप कशाला? नंबर तर सिमकार्डात असतात, आणि कार्ड आपण काढूनच घेणार. खात्यातून बाहेर पडा म्हणजे काय, हे विचारायला त्यांना संकोच वाटला. फोनची बाजूची दोन बटणे दाबून धरली की सारे एकदम पुसता येते, हे त्यांनी पूर्वी त्याच दुकानात पाहिले होते. सेटिंगमधून गेले असते, तर फोनने पासवर्ड विचारला असता आणि ते तिथेच थांबले असते. ते मागच्या दाराने गेले. फडक्याने काच पुसली, सुईने भोकांतला कीस काढला, कव्हर साबणाने धुतले, आणि मग दोन्ही बटणे दाबून आतले सगळे पुसून टाकले.

फोन पुन्हा सुरू झाला आणि त्याने विचारले: हा फोन ज्या खात्यावर होता, त्याचा पासवर्ड द्या.

मोबाइलवाल्याने पाहताच कपाळावर हात मारला. ''काका, तुम्ही तर किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलंत! हे असं कंपनी घेत नाही. खातं कोणाचं?''

''मुलीचं.''

''मग काय, विचारा तिला फोन करून!''

''नंबर यात होता.''

''सिममध्ये असेल ना.''

सिम ताईंच्या साध्या फोनमध्ये घालून पाहिले. त्यात शिंपी होता, गॅसवाला होता, तीन घाऊक व्यापारी होते. जो नंबर कधी साठवलाच नव्हता, तो असणार कुठून? निरोप ॲपमधून आलेले. सिम देणाऱ्या कंपनीच्या यादीत ते दिसत नाहीत. त्यांची प्रत असलीच, तर मुलीच्या खात्यात.

त्या दुपारी ते माझ्याकडे आले आणि वर लिहिलेले सगळे त्यांनी एका दमात सांगितले. हातात तो फोन. मी चष्मा बदलून पडद्यावरचे सारे वाचले. खाली बारीक अक्षरात लिहिले होते: पासवर्ड विसरलात? मी ते दाबले. उत्तर आले: तुमच्या नोंदवलेल्या नंबरावर सहा आकडी कोड पाठवला आहे. पुढे ठिपके, आणि ठिपक्यांच्या शेवटी ४७.

''तिचाच,'' ते म्हणाले. ''शेवटचे सत्तेचाळीस मला आठवत होतेच. बाकीचे हवेत.''

''बाकीचे हा दाखवणार नाही. पण कोड आत्ता तिच्या फोनवर गेला.''

ते ताठ बसले. ''आत्ता? तिच्या हातात?''

''हो.''

''त्यात माझं नाव जातं?''

''नाही. नुसते सहा आकडे. आणि बहुधा एवढंच, की हे तुम्ही केलं नसेल तर दुर्लक्ष करा.''

''म्हणजे,'' ते सावकाश म्हणाले, ''मी दार वाजवू शकतो, पण हाक मारू शकत नाही.''

बावीस तारखेपासून त्यांचा नेम सुरू झाला. सकाळी दहाच्या ठोक्याला दुकानाची फळी उघडायची आणि ते बटण दाबायचे. दुपारी एकला फळी लावायची आणि दाबायचे. अधिक दाबले, तर फोन ''नंतर प्रयत्न करा'' म्हणून तासन्‌तास अडून बसे. वेळ त्यांनी विचारपूर्वक निवडली होती. ''चोर वाटेल तेव्हा वाजवतो,'' ते मला म्हणाले. ''दहा आणि एक. रोज. मिनिट चुकत नाही. तिला दुकानाच्या वेळा माहीत आहेत. विचार केला, तर कळेल.''

''विचार करायला तिला वेळ आहे का?'' ताई स्वयंपाकघरातून कडाडल्या. ''ती सामान बांधत असेल. चार वर्षं तोंड शिवून बसलास, आणि आता टकटक करतोयस!''

''ताई, गप्प बस.''

''का बसू? तिच्या वेण्या मी घातल्यात. तू गाभा बदललास ना, तेव्हाही मला विचारलं नाहीस.''

ते उठून गेले. ताई माझ्यासमोर पदराने डोळे टिपत राहिल्या. मग म्हणाल्या, ''दाबलं का त्यानं आज एकचं? बघा हो जरा.''

या दिवसांत इतर प्रयत्न झाले नाहीत असे नाही. जावयाच्या जुन्या कचेरीत मी स्वतः पत्र घेऊन गेलो. तो तीन वर्षांपूर्वीच तिथून गेला होता. तिच्या एका मैत्रिणीचे घर शोधले. तिथे दुसरे भाडेकरू. कंपनीच्या मदत केंद्राने विनम्रपणे सांगितले, की मालकाची माहिती देता येत नाही. नियम म्हणून ते योग्यच होते. मी आयुष्यभर नियमांचीच बाजू घेतली आहे. त्या दिवशी मात्र फोन ठेवल्यावर मी पुन्हा एकदा तोच नंबर लावला.

पंचवीस तारखेला त्यांनी एका गिऱ्हाइकाची किल्ली उलट्या बाजूने कापली. सव्वीसला तशीच दुसरी. मी हे नमूद करतो, कारण तीस वर्षांत असे घडलेले मला ठाऊक नाही. दाढी वाढली होती. अंदाजाने पासवर्ड घालणेही चालू होते: तिची जन्मतारीख, आईचे नाव, शाळेचा हजेरी क्रमांक. एक दिवस म्हणाले, ''जगातलं एकही कुलूप असं नाही, की ज्याला कान लावला तर काही कळत नाही. याला कान लावला तर काहीच ऐकू येत नाही.''

अठ्ठावीसला सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी ते माझ्या दारात उभे होते. पायांत चपला नव्हत्या.

''विचारत नाही,'' ते म्हणाले.

''काय?''

''पासवर्ड. विचारतच नाही तो.''

मी पाहिले. पडद्यावर स्वागताचे शब्द होते आणि भाषा निवडा म्हणून यादी होती. काल दुपारपर्यंत तिथे असलेले ठिपके, सत्तेचाळीस, कोडाचे बटण, काही नव्हते. आम्ही तसेच मोबाइलवाल्याकडे गेलो.

''वा! सुटला की!'' तो म्हणाला. ''मुलीनं आपल्या खात्यातून हा फोन काढून टाकला, काका. कुठूनही करता येतं. आता कोरा करकरीत. चला, एक्स्चेंज करून टाकू.''

''काही निरोप?''

''निरोप कसला? नुसतं काढून टाकलं.'' त्याने फॉर्म पुढे सरकवला. ''इथं सही. फोन माझाच आहे, पुसलेला आहे, कोणाचं खातं त्यावर नाही.''

किल्लीवाले फॉर्मकडे पाहत उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

''तिला कळलं, की मीच आहे.''

''हो,'' मी म्हणालो. ''तसं दिसतं.''

''आणि तिला वाटलं, मला फोन विकायचाय. म्हणून वाजवतोय.'' त्यांचा आवाज अगदी खाली गेला. ''तिनं माझं काम करून दिलं.''

ते मोबाइलवाल्याकडे वळले आणि धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावे, तशा स्वरात म्हणाले, ''हे कुलूप परत लावता येतं का? होतं तसं?''

तो हसला. ''काय काका! लोक उघडायला रडतात, आणि तुम्ही...'' त्याने यांचा चेहरा पाहिला आणि वाक्य अर्धे सोडले. ''नाही येत,'' तो म्हणाला. ''तिनंच परत लावलं, तरच.''

सही झाली नाही. त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात घातला आणि अनवाणीच परत निघाले. दुकानासमोर ट्रंकेची किल्ली हरवलेली एक बाई केव्हाची खोळंबली होती. त्यांनी तिची क्षमा मागितली, साक्षीला शिंप्याला हाक मारली आणि ट्रंक उघडून दिली. महिना संपायला दोन दिवस होते. सिम ताईंच्या फोनमध्ये होते. ताई तो फोन मुठीत धरून दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या, आणि ते दोन्ही दिवस तिथून हलल्या नाहीत. फोन दोनदा वाजला. एकदा गॅसवाला होता. एकदा चुकीचा नंबर.