कार्डावर नसलेलं दुखणं

"काही नाही, जरासं खरचटलंय..." मी सातवीत असताना बाबा म्हणाले होते. त्यांच्या तळहाताला तेव्हा नऊ टाके पडले होते.

बाबा कारखान्यात फोरमन होते. आमच्या घरात दुखणं बोलून दाखवायची पद्धत नाही... मीही तशीच वाढले.

यंदा आमच्या कंपनीला जपानी काम मिळालं. हैदराबादेत सध्या जिकडेतिकडे काचेच्या इमारती उठतायत, ऑफिसातल्या नव्या पोरी भराभर सगळं शिकतात. मागे पडू नये म्हणून पंचेचाळिशीत मीही हिमायतनगरला जपानीच्या क्लासला जायला लागले.

या भाषेत हाताला लागेल त्या गोष्टीला आवाज आहे. खरखरीत भिंत झाराझारा, गुळगुळीत ताट त्सुरुत्सुरु... आणि दुखण्यालाही. डॉक्टरला नुसतं 'दुखतंय' सांगून भागत नाही. ठणकलं तर झुकीझुकी, टोचलं तर चिकुचिकु, चुरचुरलं तर हिरीहिरी.

पाठ होईनात म्हणून मी कार्डं केली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जपानी. रोज सकाळी चहा घेताना बाबा ती पत्त्यांसारखी पिसतात आणि माझी परीक्षा घेतात.

"हे लोक आजारी पडतात का बँड वाजवतात गं?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

या आठवड्यात मात्र एक कार्ड रोज वर यायला लागलं. 'आवळल्यासारखं.' मी म्हणायची, "ग्यूऽऽ." ते म्हणायचे, "हौ, बरोबर." मला वाटलं, पक्कं व्हावं म्हणून घोटून घेतायत.

आज सकाळी पुन्हा तेच. उत्तर बरोबर आलं, तरी त्यांनी कार्ड खाली ठेवलं नाही.

"आणि तेच डाव्या हातात उतरलं, तर त्याला काय म्हणतात?"

"ते यात नाही, बाबा."

"नाही? मग राहू दे. पुढचं..."

पुढच्या दोन कार्डांची उत्तरंही मी दिली. तिसरं मी त्यांच्या हातातून काढून घेतलं.

आठ दिवस ते अंबरपेठेच्या बाजारात गेले नव्हते. ऊन फार आहे म्हणाले होते. परवा जिन्यात मध्येच थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्या बघत होते... बाबांना झाडांचं कधी काही नव्हतं.

"तुम्हाला होतंय का असं?" मी विचारलं.

"मला? मी तुझा अभ्यास घेतोय." त्यांनी चष्मा काढला आणि अंघोळीला गेले.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, छातीचं दुखणं असेल, फार चालवू नका, लगेच आणा. नवरा ऑटो बघायला नल्लकुंट्याच्या चौकात धावलाय. मी बाथरूमच्या दाराबाहेर बसलेय, मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप. काहीतरी लिहीत राहिले नाही तर मी दार बडवत सुटेन.

कडी लावू नका म्हटलं होतं, तरी लावलीय. आत बादलीवर तांब्या आपटतो... थांबतो. तो थांबला की मी दाराला कान लावते. पुन्हा आपटला की मी एक ओळ लिहिते.

इतके दिवस बाबा मला सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते... परक्या शब्दाच्या आडोशाला उभं राहून. आणि मी, किती उत्तरं बरोबर आली ते मोजत होते.

पाणी थांबलं. खाली ऑटोचा हॉर्न वाजतोय. बाबा काय म्हणणार ते मला पाठ आहे, तरी कडी निघाली की सांगणार आहे...

बाबा, शर्ट घाला. जिना मी धरून उतरवते. दवाखान्यात चला ना माझ्याबरोबर...