फेब्रुवारीतला डोंगर

त्या हिवाळ्यात आमची सकाळ कोलोरॅडोतल्या एका डोंगरावर उजाडायची. तसे आम्ही नवराबायको तिथून दूर, शॉमबर्ग गावातल्या आमच्याच स्वयंपाकघरात बसलेले असायचो. बाहेर रस्त्याच्या कडेला मीठ आणि चिखल मिसळून काळा पडलेला बर्फ असायचा. पण टेबलावरच्या लॅपटॉपवर एका चिमुकल्या स्की रिसॉर्टचा कॅमेरा चालू असायचा. तिथलं घड्याळ आमच्याहून तासभर मागे, त्यामुळे आमचा चहा व्हायचा तेव्हा तिथे जेमतेम फटफटत असे. आधी सगळं निळं दिसायचं. मग डोंगराच्या टोकाला जरासं गुलाबी लागायचं आणि ते हळूहळू खाली उतरत यायचं. पायथ्याशी लाकडी हॉटेल होतं, आणि दोघादोघांच्या खुर्च्यांची एक जुनी लिफ्ट. पहिल्या फेरीला खुर्च्या रिकाम्याच वर जायच्या. मी चहात बिस्किट बुडवायचे आणि त्यातल्या एका खुर्चीत मनाने बसून घ्यायचे. बिस्किट चहात पडलं तरी पत्ता नसायचा.

आम्हाला स्कीइंग येत नाही, हे सांगून टाकते. इतकी वर्षं या देशात काढली, पण पायाला फळ्या बांधून घसरायची हौस कधी झाली नाही. आम्हाला नुसतं खुर्चीत बसून वर जायचं होतं, बघायचं होतं आणि खाली यायचं होतं. हे नोकरीत असताना एकदा कामानिमित्त त्या डोंगराखालच्या गावात गेले होते. वर जायला वेळ मिळाला नाही, म्हणून घरी येऊन म्हणाले, "तुला घेऊन जाऊ." ते राहून गेलं. सगळ्यांचंच राहतं तसं.

मग ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. दृष्टीच्या मधोमध एक डाग आला होता आणि तो पसरत होता. समोरचं पुसट व्हायचं, कडेकडेचं दिसायचं. डॉक्टरीणबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं की जे बघायचं असेल ते या हिवाळ्यात बघून घ्या, पुढच्यावर ढकलू नका. परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. हे म्हणाले, "तो डोंगर बघू या."

तेव्हापासून तो कॅमेरा सुरू झाला. हे मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून स्क्रीनकडे बघत, आणि मी सांगत जाई. आता धूर निघाला हॉटेलातून. आता एक कुत्रं आलं, बर्फात लोळतंय. कधीकधी काहीच घडत नसे, मग मी मनाचं सांगे. हे ऐकून घेत आणि गालातल्या गालात हसत.

"दोघंच जाऊ या हं," मी बजावलं होतं.

"अगं, दोघंच," हे म्हणाले, आणि त्याच शनिवारी मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मसालेभाताची प्लेट हातात घेऊन सगळ्यांना सांगून आले. हे मूळचे नागपूरचे. आपण कुठे निघालो आणि समोरच्याला "तुम्हीही चला ना" म्हटलं नाही तर ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. समोरचे पुण्याचे असोत की मुंबईचे, इथे राहून सगळे असे झालेत की चला म्हणायचा अवकाश, बॅग भरायला घेतात. रविवारी सकाळी फोनवर ग्रुप तयार होता.

त्या ग्रुपवर डोंगराचं कोणी काही विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, किचन आहे का? दुसरा, हॉटेलच्या खोलीत कुकर चालतो का? एका काकूंचा अनुभव असा की हॉटेलात मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो आणि फायर ब्रिगेड येते. झालं, हॉटेल बाद. सगळ्यांनी मिळून एक प्रशस्त घर पसंत केलं. चार शेगड्या, वर चिमणी, दोन फ्रिज. ते घर डोंगरापासून तासभर खाली, हायवेजवळ होतं. मी फोटो पुन्हापुन्हा पाहिले. एकाही खिडकीतून डोंगर दिसत नव्हता, पार्किंग लॉट मात्र छान दिसत होता.

मग कोणाच्या तरी नातवंडांची शाळेची सुट्टी, स्प्रिंग ब्रेक, निघाली, आणि फेब्रुवारीत ठरलेली ट्रिप मार्चअखेरीला गेली. हे म्हणाले, "चालेल, चालेल."

माझं डोकं सणकलं. लॅपटॉप मी धाडकन मिटला.

"अहो, काय चालेल? कोणासाठी चाललाय हा खटाटोप? मार्चपर्यंत तुमचं..." एवढं बोलून मी जीभ चावली.

हे टेबलावरून हात फिरवत कप शोधत होते. कप हाताला लागला, पण उचलला नाही.

"लिफ्ट थांबत नाही," हे म्हणाले. "चालत्या खुर्चीत बसायचं असतं. मला ती येताना दिसणार नाही. मी खालीच बसेन म्हणतो, हॉटेलात."

"बरं, मग?"

"मग तूही बसशील माझ्याशेजारी. ओळखत नाही का मी तुला? चार माणसं असली की ओढून नेतील तुला वर. तू बघून ये आणि मला सांग."

म्हणजे हा माणूस इतके दिवस माझ्यासाठी सोबत गोळा करत होता. आणि मी इकडे ह्यांच्या नागपुरी आग्रहाला नावं ठेवत होते. मला रडूही आलं आणि संतापही आला. तो डोंगर मला एकटीला कधी हवा होता? ह्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं की आता आपलं बघणं संपलं.

मी तिथल्या तिथे पायथ्याच्या त्या हॉटेलला फोन लावला. म्हटलं, माझ्या नवऱ्याला नीट दिसत नाही, त्याला खुर्चीत कसं बसवायचं? पलीकडची बाई म्हणाली, आधी सांगा, आम्ही लिफ्ट थांबवतो. गुडघे दुखणाऱ्या आज्यांसाठी रोजच थांबवतो. इतकं सोपं होतं ते. विचारायचं मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. फेब्रुवारीतली एक खोली मी बुक करून टाकली.

ग्रुपवर लिहिलं, आम्ही दोघं आधी जाऊन येतो, मार्चची ट्रिप तुम्ही जरूर करा. मला वाटलं होतं, लोक नाराज होतील.  पण अलार्मवाल्या काकूंनी लिहिलं, "लाडू देते बरोबर, त्याला फोडणी लागत नाही."

दुसऱ्या दिवशी चहाला बसलो तेव्हा तिकडे बर्फ पडत होता. डोंगर, हॉटेल, खुर्च्या, सगळं त्या पांढऱ्यात विरघळल्यासारखं दिसत होतं. मी सवयीने सांगायला लागले, तसा ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"वर गेल्यावर लगेच बोलायला लागू नकोस हं," हे म्हणाले. "आधी मला बघू दे."