औषधाचं पत्रक, भावनेसह

"काऊन बे मास्तर, लिवलं का?"

नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. दुकानाची पायरी चढायच्या आत हा प्रश्न यायचा. विचारताना तो चष्मा कपाळावर सरकवायचा. चष्म्याशिवाय त्याला समोरचा माणूस दिसत नसे, पण सबबी मात्र स्पष्ट दिसत.

मोताळ्यात त्याचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. आम्ही शाळासोबती. मी पुढे मास्तर झालो, तो दुकानदार. आठवडी बाजार उठला की दुकानाच्या मागच्या खोलीत सोयाबीनच्या थैल्यांवर आम्ही तिघं बसायचो: तो, मी आणि रोहिणखेडच्या अंगणवाडीतल्या ताई. आठवड्यात लिहिलेलं एक पान प्रत्येकानं वाचायचं. आमच्या या मंडळाला नाव नव्हतं, अध्यक्षही नव्हता. म्हणूनच ते टिकलं, असं माझं मत आहे.

नियम एकच. पान आणलं नाही, तर कुठल्याही औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक काढायचं आणि उभं राहून, भावनेसह वाचायचं. "वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये" हे वाक्य मी करुण रसात म्हटलेलं आहे. "उपाशीपोटी फवारणी करू नये" यात वीररस सहसा बसत नाही. तोही बसवला. दुकानदार डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "भावना कमी पडून राह्यली. पुन्हा घे."

त्याच्यावर मात्र पत्रकाची वेळ कधी आली नाही. त्याचं पान दर वेळी तयार असायचं. आणि, तुम्हाला म्हणून सांगतो, ते वाईट असायचं. सुरुवात ठरलेली: "पहाट झाली होती." मग गोष्ट भरदुपारच्या भांडणाची का असेना.

ताईंनी एकदा विचारलं, "भाऊ, तुमच्या गोष्टीत दुपार काऊन होत नाही?"

"पानात मावत नाही ताई," तो म्हणाला. मग चष्मा कपाळावर गेला. "माह्यं लिवणं खराब हाये, पण दर हप्त्याचं हाये. तुमचं चांगलं हाये, पण कुठं हाये?"



पुढे ताईंच्या एका कथेला बक्षीस मिळालं. समारंभात श्रोत्यांपेक्षा व्यासपीठावर गर्दी जास्त होती, आणि भाषण करणाऱ्यांपैकी कथा कुणीच वाचलेली नव्हती. ताई शाल, नारळ आणि कुठल्याच कपाटात न मावणारं स्मृतिचिन्ह घेऊन आल्या. या गडबडीत पान राहिलं. त्यांना वाटलं, आज माफी असेल. त्यानं शालीचा पोत बोटांनी पाहिला, खूश झाला, नारळ फोडून आम्हाला खोबरं वाटलं आणि तणनाशकाचं पत्रक पुढे केलं.

"शाल पांघरूनच वाचा ताई. शोभून दिसते."

त्या दिवशीचं तणनाशक त्या समारंभातल्या सगळ्या भाषणांपेक्षा सरस झालं.

माझी बायको जिल्ह्याच्या दवाखान्यात होती, तेव्हा तो डबा घेऊन आला. माझं जेवण होईपर्यंत थांबला. मग चष्मा कपाळावर.

"लिवलं का?"

"तुले काही समजते का बे? इथं काय चालू हाये!"

"समजते. म्हणूनच विचारून राह्यलो. नुसता छताकडे पाहत बसशील, तं उद्या तुह्यासाठी डबा कोणत्या खाटेवर आणू?"

त्यानं उशाजवळच्या गोळ्यांचं पत्रक माझ्या हातात दिलं. इंग्रजीत होतं. मी रागारागानं उभा राहिलो आणि मराठी करत वाचू लागलो: मळमळ, चक्कर, तोंडाला कोरड. खाटेवरून खुसखुस ऐकू आली. कित्येक दिवसांनी ती हसत होती. त्या संध्याकाळी मी पान लिहिलं. ती बरी होऊन घरी आली. डॉक्टरांचं श्रेय मी नाकारत नाही.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. झोपेतच. त्याच्या सुनेचा फोन आला तेव्हा बाहेर झुंजूमुंजू होत होतं.

त्यानंतरचे कितीतरी बाजार मी आणि ताई तिकडे फिरकलोच नाही. मंडळ मोडलं, असं मी मनाशी धरून चाललो होतो. चांगलं लिहिणारे दोघं उरले होते आणि लिहीत कुणीच नव्हतं. मग एका बाजारी सुनेनंच निरोप धाडला: "काकाजी, मागची खोली झाडून ठेवली हाये."

गेलो. ताईही आल्या होत्या. दोघांचेही हात रिकामे. आता विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून चहा पिऊन उठता आलं असतं. ताईंनी एका खोक्यातलं पत्रक काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

मी उभा राहिलो. "वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने..." एवढंच झालं. 

गल्ल्यावरून, मान वर न करता, सून म्हणाली, "काकाजी, भावना जास्त होऊन राह्यली. पुन्हा घ्या."

ताई हसल्या, मग पदरानं डोळे पुसत बसल्या. मी पुन्हा घेतलं, शेवटपर्यंत.

पुढच्या बाजारी मी पान नेलं. थैलीवर बसलो, चष्मा नीट केला आणि पहिलं वाक्य वाचलं: "पहाट झाली होती."

ताईंनी दुपारचं काही विचारलं नाही.