पुनम मॅडमच्या वर्गातल्या कोऱ्या वह्या

पुनम आमच्या शाळेत तंत्रकाम शिकवायला आली ती कंत्राटावर. तिचे वडील मूल गावातल्या राइस मिलमध्ये फिटर. पाना-पेचकस हाताळतच ती मोठी झाली होती. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. शाळा गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून.

तिनं दहावीच्या एकतीस मुलांना एक काम दिलं. आपल्या घरात कोणती अडचण आहे ते बघा, जागेची मापं घ्या, वहीत आराखडा काढा आणि अडचण दूर करणारी वस्तू स्वतः बनवा. मला वाटलं, मुलं उड्या मारतील. दिवाळी होऊन गेली तरी वह्या आल्या चार. बाकीच्यांची कारणं ठरलेली. कुणाची पावसात भिजली, कुणाची बकरीनं खाल्ली.

आधीच्या शाळेत तीन मुलांच्या वह्या एकाच हातानं लिहिलेल्या तिनं पकडल्या होत्या. तेव्हापासून तिचा वह्यांवरचा विश्वास उडाला होता. आलेल्या चार वह्या ती खिडकीशी धरून अक्षरं ताडून बघायची.

"सर, यांचं काहीतरी ठरलेलं आहे," ती मला म्हणाली. "मी वर्गात गेले की सगळे गप्प होतात. तो भूपेश त्यांना शिकवून ठेवतो."

भूपेश वर्गातला हुशार मुलगा. तिनं त्याला उचलून पहिल्या बाकावर, डोळ्यांसमोर बसवलं. तो खाली मान घालून बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "काई नाई मॅडम."

मुलांना हुरूप यावा म्हणून तिनं एक दिवस जाहीर केलं, "चांगल्या आराखड्यांचे फोटो, मापांसकट, मी तालुक्याला प्रदर्शनात पाठवणार!"

दुसऱ्या दिवशी त्या चौघांनीही वह्या परत मागितल्या.

त्यातली सोनूची वही तिनं देण्याआधी उघडली. मापांचं पान ब्लेडनं कापून घेतलेलं होतं. आदल्या दिवशी वह्या टेबलावरच राहिल्या होत्या. पुनम तासभर स्टाफरूममध्ये ती वही घेऊन बसली. मग म्हणाली, "रविवारी मी हिच्या घरी जाते. तुम्ही येता का?"

सोनूचे वडील उमाजी तलावावर मासे धरतात. आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणात जाळं विणत होते. त्यांनी आम्हाला खाट दिली, पाणी दिलं, पण हातातली सुई थांबवली नाही. पुनमनं कापलेल्या पानाचं विचारलं.

"मीच कापाले सांगतलं," ते म्हणाले. "पयले तुमी सांगा बाई, आमच्या घराचं माप कायले पायजे तुमाले?"

"मासोळ्या वाळवायची मांडणी बनवतेय ती. घरामागच्या सांदवाडीत किती जागा आहे ते नको का कळायला?"

"जागाच तं इचारते सारे. दोन सालाआधी जीपीतून माणसं आले. टेप लावला, वहीत लिवलं, चहा पेऊन गेले. कोन्त्या हापिसाचे, कोनी सांगतलं नाई. मंग भूपेशच्या आजाच्या टोल्यावर, त्या पल्याडच्या वस्तीत, कागद आला, घरं हटवा म्हणून. आता तुमी आमच्याच पोरांच्या हाती टेप देऊन राह्यल्या. वरून तालुक्याले धाडतो म्हणता."

दाराआडून सोनू बघत होती. पुनमचा चेहरा उतरला. ती इतके दिवस मुलांना लबाड समजत होती, आणि आख्खा गाव तिला.

"मला हे कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तुमाले काऊन सांगन? तुमी कोनाच्या, हे कोनाले मालूम?"

सोनूची वही उमाजींपुढे ठेवत ती म्हणाली, "मापं लिहू नका. वह्या तुमच्याच घरी राहू द्या. मी इथे येऊन बघेन, इथेच गुण देईन."

उमाजींनी हो म्हटलं नाही. "पाहू," एवढंच म्हणाले.

सोमवारी तिनं सगळ्या वर्गासमोर भूपेशची माफी मागितली. जागा बदलायची तर बदल, म्हणाली. तो तिथेच बसला. मग तिनं काम नव्यानं मांडलं. घराचं माप नको, माणसाचं घ्या. आईचा हात कुठवर पोचतो? टोपलं किती रुंद? सोनूनं आईच्या हाताच्या उंचीवरून मांडणी ठरवली. मांजर चढू नये म्हणून पायांना पत्रा लावला. भूपेशनं आजासाठी, खाली न बसता पाय धुता येतील असं बाकडं केलं. करवतीचा आवाज मधल्या सुट्टीतही येऊ लागला. खरं सांगायचं तर शेवटी हीच बाई गुपचूप सगळ्यांचं पुरं करून देईल, असा मला संशय होता. मी दोनदा अचानक डोकावून आलो. ती हात मागे बांधून उभी होती. वाकडा खिळा मुलांनाच उपटायला लावत होती.

मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक आले. "वह्या कुठायत?" त्यांनी विचारलं. घरी आहेत म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे काम झालेलंच नाही, गुण मात्र आहेत!"

"चला दाखवते," पुनम म्हणाली.

भर उन्हात आम्ही सहा घरं फिरलो. उमाजींनी परीक्षकांना दारातच थांबवलं, ओळखपत्र मागितलं आणि सोनूकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मगच आत सोडलं. परीक्षकांनी मांडणी हलवून बघितली, सोनूला उलटसुलट प्रश्न विचारले. ती कुठेच अडली नाही. तेव्हा कुठे ते हसले.

एकतिसांपैकी सव्वीस जणांचं काम पुरं झालं. पाच घरांनी शेवटपर्यंत दार उघडलं नाही, आणि पुनमनंही ते वाजवत बसायचं नाही असं ठरवलं.

गुणांचा तक्ता लागला तेव्हा उमाजी शाळेत आले. सोनूच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा कागद आता कुठी जाते?"

"बोर्डाकडे, भाऊ," पुनम म्हणाली.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, तक्त्याचा फोटो घेतला, नीट आला का ते दोनदा बघितलं. "आपल्यापाशी असला पायजे," म्हणाले, आणि पुनमकडे बघून पहिल्यांदाच मान हलवली.